आसरांच्या डोहावरची मोजणी

बा, तुला थेट पत्र मी कधी लिहिलंच नाही. तुला वाचता येत नव्हतं. मुंबईहून मी जे काही लिहायची ते शाळेतल्या गुरुजींच्या नावाने जायचं, ते नदीवर येऊन तुला वाचून दाखवायचे, आणि तू काय म्हणालास ते पोस्टकार्डावर उतरवून मला पाठवायचे. म्हणजे आपल्या दोघांच्या मध्ये कायम तिसरा माणूस होता. तिसऱ्यासमोर जे बोलता येत नाही ते राहून गेलं. गुरुजी जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, आणि मी स्वतः त्यांच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी म्हातारी झाले आहे. गुडघे धरून जिना चढते, आणि कुणी बाई म्हणून हाक मारली की अजून मागे वळून बघते, दुसऱ्या कुणाला असेल म्हणून.

परवा एक मुलगी घरी आली होती. विद्यापीठात संशोधन करते, समुद्रातल्या माशांवर. म्हणजे माशांच्या आकड्यांवर, कारण मासा तिने ताटात सोडून कुठे पाहिला असेल असं वाटलं नाही. तिला हसायचा मला काही हक्क नाही. मीसुद्धा जन्मभर समुद्राच्या माशांची गणितं केली, आणि पाण्यात पाऊल टाकलं ते घोट्यापर्यंतच. तिच्याकडे माझा पहिला निबंध होता, एकोणीसशे सदुसष्ट सालचा, पिवळा पडलेला. कुठल्या तरी ग्रंथालयातून तिने तो शोधून काढला होता. तिने बोट ठेवून विचारलं, "मॅडम, ह्या पहिल्या तक्त्यात चौऱ्याऐंशी मरळ आहेत. त्या मोजल्या कशा?" मी म्हटलं, काठावर बसून. तिने ते वहीत लिहून घेतलं, चहा प्यायली, आपला फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवला आणि गेली. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

तुला आठवतं का, मी पहिल्यांदा तुझ्याबरोबर मोजायला बसले ते? छप्पन्न साल होतं, मी तेरा वर्षांची, माय जाऊन दोन वर्षं झालेली. आर्णीच्या वरच्या अंगाला अरुणावतीच्या काठी आपली भोयांची सात घरं. उन्हाळ्यात नदी तुटते. धार जाते आणि डोहाडोहांत पाणी उरतं, आणि त्यातला सगळ्यांत खोल तो आसरांचा डोह. जांभळीखाली शेंदूर फासलेले सात दगड, त्याच पाण्यातल्या सात देवी, आसरा. होळीपासून मिरग लागेपर्यंत त्या डोहात जाळं पडायचं नाही, हा सात घरांचा नेम, आणि तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. बाकीच्या डोहांत किती दिवस जाळं टाकायचं हे मात्र दरवर्षी ठरायचं, आणि ते ठरवायचास तू. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू दुरडी आणि चिंचोक्यांचं गाठोडं घेऊन त्या डोहाच्या काठावर बसायचास. मरळ हवा घ्यायला वर येते. पाण्याला जरासं तोंड लावते, वलय उठतं, आणि ती खाली जाते. एक वलय उठलं की एक चिंचोका दुरडीत. ऊन सातव्या दगडावर आलं की मोजणी संपली. गेल्या वर्षीपेक्षा चिंचोके कमी भरले तर तू सात घरांना सांगायचास, यंदा बाकीचे डोह लवकर सोडा, आणि ते सोडायचे.

त्या सकाळी मी कंटाळले होते. किती वेळ गेला तरी एकही वलय नाही. तुझं लक्ष पलीकडे आहे असं पाहून मी दोन चिंचोके गुपचूप दुरडीत टाकले, तुला बरं वाटावं म्हणून. तू डोळा न हलवता म्हणालास, "काढ ते."

"कोनते?"

"तुले मालूम हाय कोनते. पाह्यलं तेवढंच टाकाव. जास्त टाकून तू मले फसवून राह्यली का मरळीले?"

मी रडकुंडीला आले. मग तू जरा नरमलास आणि मला समजावलंस. ती जागा, ते ऊन, तुझ्या हातातला तो गुळगुळीत चिंचोका, सगळं मला आत्ता दिसतं आहे. तू म्हणतो आहेस, "हे मासे नोहेत वं पोरी. हे दम हायेत. एकच मरळ तीनदा येते, पानी तापलं त पाचदा येते. किती मरळी हायेत थे आपल्याले नाई समजत, अन् समजाची गरज बी नाई. मांगच्या सालापेक्षा दम कमी का जास्त, एवढंच पाहाचं." मी मान डोलावली. पुढे विद्यापीठात हीच गोष्ट मला एका जाड पुस्तकातून शिकवण्यात आली. तिला निर्देशांक म्हणतात. प्रत्यक्ष संख्या नव्हे, नुसती खूण. वर्गात मी एकटीच अशी होते जिला हे आधीपासून ठाऊक होतं, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

शाळेत मला गणिताला लावलं ते गुरुजींनी. त्याच वर्षी त्यांच्या घरातले देव त्यांनी स्वतःच्या हाताने नदीला दिले होते, आणि बुद्धाची तसबीर भिंतीवर लावली होती. आपल्या घरांतल्या काही जणांनी त्यांना मुद्दाम डिवचलं, आता आमच्या आसरा बी नेता काय गुरुजी. ते म्हणाले, "मी आसरा मानत नाही. पण तो डोह तसाच राहू द्या." का राहू द्या ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. पुढे मी नागपूरला जाऊ शकले ती त्यांच्यामुळे. निघताना तू मला जाळ्याच्या सुताची पिशवी विणून दिलीस, जाळ्याच्याच गाठींची, पुस्तकं ठेवायला. वसतिगृहात पोरी नाक मुरडायच्या, मासळीचा वास येतो म्हणायच्या. वास येत नव्हता, सूत कोरं होतं. तरी मी ती पिशवी पलंगाखाली सरकवून ठेवली आणि बाजारातून एक कापडी घेतली. तू एकदा भेटायला आलास, तेव्हा पटकन बदलली. तुला ते कळलं होतं, असं मला वाटतं.

एम.एस्सी. झाल्यावर मुंबईच्या एका विद्यापीठातली जागा निघाली. समुद्रातले मासे किती धरले म्हणजे संपत नाहीत, ह्याचं गणित करणारी संशोधकाची जागा. बोटीवर जायचं नाही, कागदावरच काम. अर्जासोबत स्वतः केलेलं काहीतरी लहानसं काम जोडा, मेअखेर पाठवा, असं तिथल्या सरांनी कळवलं होतं. मला ती जागा किती हवी होती हे तुला सांगता येणार नाही. ती नसती मिळाली तर नागपुरातल्या कुठल्या तरी शाळेत अपूर्णांक शिकवत बसले असते, किंवा तुझ्या नात्यातल्यांनी आणलेल्या स्थळाला हो म्हटलं असतं. मला दोन्हीची भीती वाटत होती, आणि परत नदीवर यायची सगळ्यांत जास्त. पुस्तकात एक सुंदर समीकरण होतं. पाण्यात मावतील तेवढे मासे झाले की ते वाढायचे थांबतात. अर्धे काढून घेतले की उरलेले सगळ्यांत जोमाने वाढतात. म्हणजे न धरलेला डोह हा वाया गेलेला डोह. मी आसरांच्या डोहावर हे करून दाखवणार होते. आधी मोजायचे, अर्धे काढायचे, पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचे. निम्मं काम अर्जासोबत, निम्मं जागा मिळाल्यावर.

मी घरी येऊन तुला हे सांगितलं तेव्हा तू जाळ्याची फाटकी कड सांधत होतास. तू सुई थांबवली नाहीस.

"आसरा कोपतीन," तू म्हणालास. पण ते तू तोंडदेखलं म्हणालास. तुला खरं बोलायचं होतं ते नंतर आलं. "या दिसांत साऱ्या पोटुशा असतात. पानी आलं का सुटतात."

"अर्ध्या ठेवू ना बा. अर्ध्या पुरतात."

"तुह्या गनितात पोटुशी कुठी लिवते?"

मी हसले. मला ते अडाणी वाटलं, आणि गोडही वाटलं. आज त्या हसण्याची लाज वाटते. मासे वयाने मोजावेत, त्यांतल्या माद्या वेगळ्या धराव्यात, हे पुढे ज्यांनी लिहिलं त्यांना मोठा मान मिळाला. तू ते जाळं सांधता सांधता विचारलं होतंस.

तू तरीही तयार झालास. मला आता वाटतं की तू समीकरणाला नाही, माझ्या चेहऱ्याला हो म्हणालास. सात घरांना तू बोलावलंस. त्या उन्हाळ्यात बाकीचे डोह लवकर आटले होते, बाया खेकडे उकरून दिवस काढत होत्या, तेव्हा कुणी फारसा विरोध केला नाही. तरी सगळे तुझ्याकडेच बघत होते. तू म्हणालास, "पोरगी शिकून आली. तिचं आइका. माहा शब्द हाय." तेवढ्याने कित्येक पिढ्यांचा नेम मोडला.

मोजणी नेहमीप्रमाणे अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी झाली, आणि ती तूच केलीस. घरी येऊन दुरडी माझ्या पुढ्यात ठेवलीस. मी ओट्यावर ओतून मोजलं. चौऱ्याऐंशी. अर्धे बेचाळीस. चार दिवसांनी सकाळी जाळं टाकायचं ठरलं. काठावर पुरुष कंबरेला धोतर खोचून उभे होते, बायांनी टोपल्या आणल्या होत्या. मी वही घेऊन जांभळीखाली. जाळं टाकण्याआधी तू मला जरा बाजूला घेतलंस आणि एक गोष्ट विचारलीस, आणि मी हो म्हटलं. त्या गोष्टीवर मी शेवटी येते.

पहिल्या ओढीला एकोणीस आल्या. केवढ्या मोठ्या, काळ्याशार, पोटं तटतटलेली. पोरं नाचायला लागली. दुसऱ्या ओढीला आठ. तिसऱ्या ओढीला दोन. मी वहीत बघितलं, एकोणतीस झाल्या होत्या, तेरा अजून यायच्या होत्या. मी म्हटलं, पुन्हा ओढा. चौथ्या ओढीला दोन आल्या, त्याही लहान. मी म्हटलं, पुन्हा. पाचव्या ओढीला जाळ्यात चिखल आणि जांभळीची पानं. एक जण म्हणाला, "बाई, पानी खाली झालं. आता काई नाई उरलं." मी पुन्हा म्हणणार होते. तेवढ्यात तू हात वर केलास आणि जाळं थांबवलंस. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. रागाने पाहिलं असतंस तर मी तुला काही बोलू शकले असते. मग तू सगळ्यांकडे वळलास आणि मोठ्याने म्हणालास, "मोजन्यात माही चूक झाली. डोये गेले आता माहे. पोरीचं गनित बराबर हाय."

बायांनी टोपल्या उचलल्या. त्या दिवशी सात घरांत मरळीच मरळी शिजल्या, आणि आपल्या घरी तू चुलीपुढे बसून नुसती भाकर खाल्लीस.

अर्ज मी वेळेत पाठवला. तक्त्यात लिहिलं, सुरुवातीची संख्या चौऱ्याऐंशी, काढलेले एकतीस. मुंबईला बोलावणं आलं. मुलाखतीत सरांनी विचारलं, आकडा कसा मिळवला? मी म्हटलं, प्रत्यक्ष मोजणी. समुद्र मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिला, विद्यापीठाच्या इमारतीतून, खिडकीच्या गजांमधून. तो करडा होता आणि मला तो मुळीच आवडला नाही. पण टेबल माझं होतं, खुर्ची माझी होती, दारावर नाव लागणार होतं, आणि मी खूश होते. पहिलं वर्ष कच्च्या नेमणुकीचं होतं. सर म्हणाले, आता त्या डोहाचं पुढे काय होतं तो भाग आण, मग पक्कं करू. मी गुरुजींना लिहिलं, बाला सांगा, दर आठवड्याला मोजून कळवत जा.

आणि तू कळवत राहिलास. त्या पावसाळ्यात नदी नेहमीसारखी वाहिली, पण पिल्लांचे लालसर पुंजके, ज्यांच्यावर जाळं टाकायचं नाही म्हणून तू मला लहानपणी शिकवलंस, ते कुणाला दिसले नाहीत. पाणी ओसरल्यावर पोस्टकार्डं यायला लागली. गुरुजींचं मोत्यासारखं अक्षर. आज नऊ. आज सात. आज सात, ऊन फार आहे. मधेच एखादी ओळ, दोन घरं नेरकडे मजुरीला गेली. सात घरांनी मोजणीचं काम तुझ्याकडून काढून घेतलं आहे, डोळे गेलेल्या माणसाने काय मोजायचं म्हणून, हे गुरुजींनी फार उशिरा आणि फार जपून कळवलं. म्हणजे तू कुणासाठीही मोजत नव्हतास. फक्त माझ्यासाठी जात होतास, रोजंदारीच्या कामातली एक सकाळ मोडून. आज चार. आज चार. आज दोन. मी ती कार्डं तारीखवार लावली, आकडे तक्त्यात उतरवले, आलेख काढला. फार सुरेख उतरता आलेख आला. सर खूश झाले. न धरलेली जागा राखली नाही तर अर्ध्याहून कमी काढल्यावरही साठा सावरत नाही, असा निष्कर्ष मी काढला, आणि त्यावर माझं नाव झालं. नोकरी पक्की झाली. पुढे कितीतरी बंदरांतल्या लोकांना मी भाषणात सांगितलं, एक जागा सोडून ठेवा. त्यांनी मला हार घातले.

शेवटच्या कार्डावर होतं, आज एक. तो म्हणतो, तीच असेल.

तुझ्या तापाचं कळलं तेव्हा मी निघाले, पण यवतमाळहून आर्णीची गाडी चुकली आणि मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. गुरुजी नदीवर थांबले होते. त्यांनी मला तुझी दुरडी दिली. तळाशी एकच चिंचोका. ते म्हणाले, "शेवटी शेवटी तो एकच विचारायचा, पोरीची नौकरी पक्की झाली काय म्हून. मी सांगितलं, झाली. मंग म्हणाला, आता नाई मोजलं त चालते." गुरुजींचा आवाज कोरडा होता. ते माझ्याकडे पाहत नव्हते, डोहाकडे पाहत होते. त्यांना किती समजलं होतं हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पुढे दिवाळीला मी त्यांना पत्र पाठवत राहिले, तेवढंच.

आता ती गोष्ट. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की चूक मला पाचव्या ओढीला कळली, चिखल वर आला तेव्हा. लहानपणी ऐकलेलं मी विसरले होते आणि ते त्या क्षणी आठवलं, असं. हे खोटं आहे, बा. मला ते चार दिवस आधीच आठवलं होतं, ओट्यावर चिंचोके मोजताना. चौऱ्याऐंशीवा चिंचोका हातात होता आणि तुझा आवाज कानात आला, हे मासे नोहेत. मग एक मरळ किती दम घेते ते आधी काढावं लागलं असतं, त्याला कित्येक सकाळी गेल्या असत्या, आणि मेअखेर जवळ होती. बेचाळीस हा आकडा कागदावर छान दिसत होता. म्हटलं, थोडी चूक राहील, सगळ्यांच्याच कामात राहते.

आणि जाळं टाकण्याआधी तू मला बाजूला घेऊन विचारलंस ते हे, "दमाचा हिशोब धरला ना वं पोरी?" मी म्हटलं, "हो बा, धरला." तू मान डोलावलीस. मी तेराव्या वर्षी डोलावली होती तशीच.

दुरडी माझ्या कपाटात आहे, चिंचोकाही. त्या मुलीची चिठ्ठी टेबलावर आहे, पाण्याच्या तांब्याखाली, उडू नये म्हणून. ती भली मुलगी आहे, चौऱ्याऐंशी हा आकडा ती आपल्या प्रबंधात घेईल. तिला एक फोन केला की झालं, पाच मिनिटांचं काम. तीन दिवस मी फोनपर्यंत जाते आणि परत येते. हा कागद घडी करून दुरडीत ठेवते आहे, त्याला पत्ता नाही. तुला वाचता येत नाही, म्हणून तुला लिहिलं. तिला वाचता येतं.